आईची ओळ

"शी," म्हणून तिने सुई उचलली आणि मेलेलं झुरळ उचलावं तशी ती रेकॉर्ड दोन बोटांत धरून बाजूला ठेवली. गाणं तेच, गायक तोच, छापणारा कारखानाही तोच. पण एका प्रतीत बास इतका माजलेला की खिडकीची काच थरथरायची आणि गायक काय म्हणतोय ते देवाला ठाऊक. दुसरीत ड्रम पत्र्याचे. तिसरीचं भोकच मधोमध नव्हतं, त्यामुळे सूर असा डोलायचा की ऐकणाऱ्याला मळमळावं. ही आताची तर जुन्या रेकॉर्डी वितळवून केलेली. काळ्या चकतीत लेबलांच्या कागदाचे कपटे स्पष्ट दिसत होते आणि सुई त्यांच्यावरून खरडत जात होती.

जुनं रेगे संगीत म्हटलं की लोक डोळे मिटून माना डोलावतात, या खरखरीला जुन्या काळाची मजा म्हणतात. कसली मजा? तिच्या मते हा निव्वळ गलथानपणा होता. आणि तो करणारा माणूस तिच्या मागे खुर्चीत बसून चहा भुरकत होता.

ते तिचे बाबा. तरुणपणी घरामागच्या खोलीत त्यांचा स्टुडिओ होता. तेव्हा मिक्सिंग हाताने, टेपवर गाणं चालू असतानाच करायचे. कोणाचा आवाज वर आणि कोणाचा खाली, हे बटणांवर बसलेला माणूस ठरवायचा. छापायचा साचा झिजला की बाबा पुन्हा बटणांवर बसायचे आणि तेच गाणं नव्याने करायचे. दर वेळी वेगळं आणि दर वेळी वाईट. रेकॉर्डी जमवणाऱ्या मंडळींत त्यांचं नाव 'बहिरा' असं पडलं होतं.

आता एक कंपनी ते गाणं पुन्हा काढणार होती. जुने आवाज स्वच्छ करणं हा मुलीचा धंदा, म्हणून काम तिच्याकडे आलं. मूळ टेप बुरशी लागून कधीच वाया गेली होती. त्यातल्या त्यात बरी प्रत निवडून आज पाठवायची होती. पण तिला स्वतःला त्या गाण्यात एकच गोष्ट हवी होती. गायकाच्या मागे उत्तराची ओळ म्हणणारी बाई तिची आई होती. मुलगी रांगत होती तेव्हाच ती गेली, आणि तिचा आवाज जगात आणखी कुठेच नव्हता. प्रत्येक प्रतीत नेमकी आईची ओळ आली की बास उसळायचा, नाहीतर गिटारचा प्रतिध्वनी घुमायचा, आणि आई गडप.

"मावशी म्हणायची ते खरंय," ती मागे न बघताच म्हणाली. "बायकोचं नाव होईल म्हणून तुमच्या पोटात दुखायचं. मुद्दाम दाबलंत तिला."

"मावशीला काय कळतंय," बाबा म्हणाले आणि कपात बघत बसले.

तिला किळस आली. रेकॉर्डींची होतीच, आता त्या सुरकुतलेल्या हातांचीही आली. याच हातांनी बटण खाली ओढलं होतं.

शेवटचं पाकीट तेवढं उरलं होतं. बाबांच्या ड्रमवाल्याच्या बायकोने ते सकाळीच पाठवलं होतं. पुठ्ठा ओला होऊन फुगलेला, कुबट वास, आणि कडेला कसल्याशा किड्यांची अंडी. नाक मुरडत तिने ते उघडलं. एकदा बाबा तापाने पडले असताना ड्रमवाल्यानेच सगळी बटणं एका रेषेत लावून गाणं उरकलं होतं, त्या वेळची ही प्रत. बाबांनी पाकीट ओळखलं आणि त्यांचा चेहरा उतरला.

"ही कुठून आली? ह्या सगळ्या मी फोडल्या होत्या."

"फोडल्या?"

"लावू नकोस, बाळ."

आता तर ती लावणारच होती. तिने ओल्या फडक्याने बुरशी पुसली, चकती कोरडी केली आणि सुई टेकवली.

ड्रम स्वच्छ. बास जागच्या जागी. गायक समोर उभा राहून गातोय इतका मोकळा. तिने श्वास रोखला. मग आईची ओळ आली.

बेसूर. थोडीथोडकी नव्हे, चांगली दणदणीत बेसूर. वरचा सूर धरायला गेली आणि भलतीकडेच जाऊन पडली, पण म्हणून कुठे बिचकली नाही. घसा मोकळा सोडून, मोठ्या आनंदात गात होती. दुसऱ्या कडव्यात तर तिने बिचाऱ्या गायकालाही आपल्याबरोबर खाली ओढलं.

मुलीने बाबांकडे पाहिलं.

"हौस फार होती गं तिला," बाबा म्हणाले. "गाऊ नकोस म्हणायला माझी जीभ रेटेना. आणि लोक हसले असते तर ती खचली असती. मग तिची ओळ आली की मी बास चढवायचो. रेकॉर्ड छापून आली की विचारायची, अहो, माझा आवाज कुठे गेला? मी म्हणायचो, माझाच हात चुकला, पुढच्या वेळी नीट करतो. बहिरा हे नाव तिनेच ठेवलं मला."

गाणं संपलं. मुलीने सुई उचलून पुन्हा सुरुवातीला ठेवली. आई परत गायली, तितकीच वाईट. मुलगी डोळे पुसत हसत होती, आणि बाबा गुडघ्यावर ठेका धरून बसले होते.

मग तिने ती रेकॉर्ड नव्या पाकिटात घालून आपल्या कपाटात ठेवली. ढिगातून काच थरथरवणारी, सगळ्यांत घाण प्रत काढली आणि कंपनीच्या पत्त्याच्या खोक्यात भरली.

बाबा बघत होते.

"म्हणजे परत शिव्या मलाच," ते खुशीत म्हणाले.