घरबसल्या पाहिलेली लढत

आमचे हे बॉक्सिंग खेळायचे, तेव्हा स्टेडियमबाहेर सकाळपासून तिकिटांची रांग लागायची. आज नातवाच्या, संकेतच्या पहिल्या व्यावसायिक लढतीला लखनौच्या एवढ्या मोठ्या हॉलमध्ये मोजकीच माणसं होती. बाकी सगळे टीव्हीसमोर. त्याची आईसुद्धा विकास नगरला घरीच थांबली. "टीव्हीवर जवळून दिसतं हो, आई," शुभदा म्हणाली होती.

पाचव्या फेरीत संकेत पडला, तो उठलाच नाही. डॉक्टर बराच वेळ त्याची छाती दाबत राहिले आणि मग थांबले.

मी कसाबसा शुभदाला फोन लावला. तिच्या मागे टाळ्या, शिट्ट्या.

"आई, काय हाणतोय आपला संकेत! सगळी कॉलनी आलीय. मिश्रा आंटी तर सोफ्यावर चढल्यात!"

मी शेजारच्या कॅमेरावाल्याकडे पाहिलं. तो मान खाली घालून म्हणाला, "अम्मा, टीवी पर बीस मिनट बाद दिखता है."

"आई? बोला ना!"

"कितवी फेरी चाललीय गं?"

"दुसरी."

"बघ बाई, डोळे भरून बघ," मी म्हणाले. "चौथी संपली की टीव्ही बंद कर."