पुढची डावी सीट

तुर्भ्याच्या शोरूममध्ये श्यामसुंदर तेच तेच तिसऱ्यांदा सांगत होता. गाडीला अकरा महिने झाले, मीटर एकतीसशे किलोमीटर दाखवतोय आणि पुढच्या डाव्या सीटचं चामडं बघा, गोणपाट झालंय त्याचं. बाकीच्या सीटांचा नवा वाससुद्धा अजून गेलेला नाही. म्हणजे ह्या एका सीटला माल खराब लागलाय, वॉरंटीत बदलून द्या.

ही त्याची चौथी फेरी. आधी साहेब रजेवर होते, मग फॉर्म चुकीचा निघाला, मग कंपनीचा इन्स्पेक्टर येणार होता तो आलाच नाही. आज तो आला होता. पन्नाशीचा, डोळ्यांखाली काळं आलेला माणूस. सकाळपासून अशाच तक्रारी ऐकून तोही विटला होता.

श्यामसुंदरची बायको, प्रेमला, बाजूच्या प्लॅस्टिकच्या खुर्चीवर बसली होती. तिला यायचंच नव्हतं. पण बायको बरोबर असली की शोरूमवाले आवाज चढवत नाहीत, असं श्यामसुंदरचं मत.

तो वाशीच्या मार्केटातला कांद्याचा व्यापारी. घर दोन खोल्यांचं आणि खाणारी तोंडं नऊ, पण गाडीला चामड्याच्या सीटा हव्याच म्हणून खास मागवलेल्या. हौसेला मोल नाही म्हणतात ते काय खोटं आहे? कांद्याच्या वासानं बाटायला नको म्हणून मार्केटला तो स्कूटरनं जायचा. गाडी निघायची फक्त रविवारी. बाकी सहा दिवस ती सोसायटीच्या इमारतीखाली, खांबांच्या मधे, चंदेरी कव्हर पांघरून उभी. हे सगळं त्यानं इन्स्पेक्टरला मोठ्या अभिमानानं सांगितलं.

इन्स्पेक्टर गाडीत वाकला. सीटच्या शिवणीतून नख फिरवलं आणि नख उजेडात धरून बघितलं.

"पीठ आहे," तो म्हणाला.

श्यामसुंदर म्हणाला, आमचा धंदा कांद्याचा, पिठाचा काय संबंध?  इन्स्पेक्टरनं चामड्यावरचे बारीक ओरखडे दाखवले. कोणीतरी पाय वर घेऊन बसतं इथे, आणि रोज बसतं. चामडं गाडी पळून झिजत नाही, माणूस बसून झिजतं. उभ्या गाडीत रोज कोण बसणार? एवढी झीज म्हणजे पन्नास-साठ हजार किलोमीटरची, बाकीच्या सीटांवर तोवर कव्हरं असतील. मीटर एकतीसशे दाखवतोय, त्याअर्थी तो मागे फिरवलाय. आपल्याला रिपोर्टात तसं लिहावं लागेल. मग सीट राहिली बाजूला, इंजिनसकट सगळी वॉरंटी रद्द.

श्यामसुंदरचा चेहरा उतरला. मार्केटात त्याच्या काट्यावर डोळे मिटून माल घेतात लोक.

"साहेब, वीस वर्षं धंदा करतोय," तो म्हणाला. "आजपर्यंत आमच्या काट्याला कोणी नाव ठेवलं नाही. आणि तुमी मला मीटरचोर म्हणता?"

 प्रेमलाला ते ऐकवेना. तिनं पाय खुर्चीखाली ओढून घेतले, तशी पायातली जोडवी फरशीवर करकरली.

बोललं तर नवी सीट हातची जाईल. जाऊ दे मेली. पण सीटबरोबर तिचा तासही जाणार होता. रोज दुपारी गिरणीतून दळण आणलं की वर जायच्या आधी ती कव्हराची कड उचलायची, घरातून खुंटीवरची आणलेली किल्ली लावून गाडीत शिरायची, काच चार बोटं खाली करायची आणि पिठाचा गरम डबा मांडीवर घेऊन, पाय वर करून बसायची. झोपणं नाही, रडणं नाही, काही नाही. तासभर कोणी हाक मारत नाही, एवढंच सुख. वर गेल्यावर म्हणायचं, गिरणीत गर्दी होती.

"मी बसते," ती म्हणाली.

दोघांनीही वळून पाहिलं.

"रोज दुपारी. दळणाचा डबा घेऊन."

"अगं, तुला गाडी कुठे येते चालवायला?" श्यामसुंदर म्हणाला. "जातेस कुठे?"

"कुठे नाही. नुसती बसते."

इन्स्पेक्टरनं तिच्या पायांतल्या जोडव्यांकडे बघितलं आणि पेन उघडलं. मीटर बरोबर आहे. सीट वापरामुळे झिजली आहे. दावा नामंजूर. श्यामसुंदरनं सही केली.

गाडी घराकडे निघाली. आता किल्ली कपाटात जाणार, हे प्रेमलानं धरूनच ठेवलं होतं. त्यानं गाडी खांबांमधे लावली, इंजिन बंद केलं, पण उतरला नाही. वर दिराच्या पोरांची मारामारी चालली होती, टीव्ही ओरडत होता, आणि सासूबाई खिडकीतून विचारत होत्या, आलात का रे, चहा कोण टाकतंय. श्यामसुंदरनं आपल्या बाजूची काच वर केली. आवाज लांब गेले.

 थोड्या वेळानं त्यानं चपला काढल्या आणि मांडी घातली.

"खरंच गं, बरं वाटतं," तो म्हणाला. असा मऊ आवाज तिनं बऱ्याच दिवसांत ऐकला नव्हता. "मला कधी सुचलंच नाही बघ. उद्यापासून मार्केटातून आलो की मीपण येत जाईन दुपारचा. गप्पा मारू दोघं."

माणूस चांगला होता. प्रेमला "बरं" म्हणाली.

मग ती मनातल्या मनात हिशेब करू लागली. स्टेशनच्या पलीकडे एक गिरणी होती. दळण घेऊन सावकाश चालत गेलं, तर जायला-यायला तास सहज लागेल.