घंटीतली चिंधी

आलेखावर चाळीस ठिपके होते. दर अर्ध्या सेकंदाला एक. त्यांना जोडणारी पेन्सिलीची रेघ टेबलाच्या कडेइतकी सरळ होती. चौकशीला आलेल्या साहेबांनी तिच्यावरून बोट फिरवलं.

"म्हणजे घंटीच्या सर्किटात दोष नाही."

"मुळीच नाही," प्रयोगशाळेचे प्रमुख बिराजदार सर म्हणाले. "बॉयलरचा दाब चढला तरच ती वाजणार. यंत्रमागांची थरथर आमचा फिल्टर गाळून टाकतो. पुण्याच्या कॉम्प्युटरवर पडताळलंय. गणित या वच्छलाबाईंचं."

वच्छला घंटीकडे बघत होती. अक्कलकोट रोडच्या चादरीच्या कारखान्यातून ती आणून टेबलावर ठेवली होती. घंटीची वाटी आणि हातोडी यांच्यामध्ये चादरीच्या काठाची लाल चिंधी घट्ट कोंबलेली. गेल्या सोमवारी बॉयलर फुटला, तेव्हा ती वाजली नाही. चिंधी कोंबणारा बॉयलरवरचा कामगार सिद्धप्पा जागीच भाजून मेला.

साहेबांनी लिहायला घेतलं : कामगाराचा हलगर्जीपणा.

"हलगर्जी न्हाय वो," दाराशी उभी असलेली त्याची बायको मल्लव्वा म्हणाली. "घंटी दिवसभर उगाच वरडायची. मागवाले चिडवायचे, सिद्धप्पा, दुसरी बायको हाक मारतीया बघ! पळून पळून दमले आमचे हे. हितं येऊन सांगितलं बी व्हतं की."

"इथं कोणी आलं नव्हतं," सर म्हणाले.

आला होता. दोन महिन्यांपूर्वी, पायताण बाहेर काढून. तो गेल्यावर वच्छलानं तेच गणित हातानं पुन्हा केलं, या वेळी पाव सेकंदाला एक ठिपका घेऊन. माग मिनिटाला एकशेवीस ठोके मारत होते, म्हणजे नेमका अर्ध्या सेकंदाला एक. तिचा प्रत्येक जुना ठिपका दोन ठोक्यांमधल्या शांततेत पडला होता. नवे ठिपके मधेमधे उंच उडाले. सरळ रेघेची करवत झाली. थरथर गाळली जातच नव्हती. घंटी तिच्यानंच वाजत होती.

तिनं ती करवत सरांना दाखवली होती.

"ठिपके वाढवले की शंका वाढतात, वच्छलाबाई. दिवाळीनंतर बघू."

दिवाळी होऊन गेली. करवत ड्रॉवरमध्येच राहिली.

साहेबांनी कागद सहीसाठी तिच्यापुढं सरकवला. सरांनी स्वतःचं पेन उघडून दिलं.

"बाई, तुमी तरी सांगा की," मल्लव्वा म्हणाली.

वच्छलानं पेनाचं टोपण लावलं. ड्रॉवर ओढला. आतला कागद काढून घंटीशेजारी पसरला.

"चिंधी त्यानं नंतर कोंबली, साहेब," ती म्हणाली. "आधी मी कोंबली होती. या ड्रॉवरमध्ये."