पेटीवरचं दुसरं नाव

पत्र गेलं होतं लाइपझिगला आणि शैलजा बसली होती अमेरिकेत, कॅरी गावातल्या भाड्याच्या घरात, गार झालेला चहा समोर घेऊन. मंगळवारची सकाळ. शुक्रवारी नव्या घराचं क्लोजिंग, म्हणजे शेवटच्या सह्या आणि पैसे. तोवर जर्मनीतली बचत इथे पोचली नाही, तर घर दुसऱ्या गिऱ्हाइकाला जाणार, असं एजंटबाईंनी गोड हसून सांगून ठेवलं होतं.

पैसे स्वतःचेच, पण कुलपात. शैलजानं फोन बदलला आणि बँकेचं अ‍ॅप रुसून बसलं. ते पुन्हा चालू करायला कोड लागतो, आणि ही जर्मन बँक कोड पाठवते पोस्टानं, कागदावर छापून, खात्यावरच्या पत्त्यावर. पत्ता चार वर्षांपूर्वीचा. लाइपझिगहून रॉटरडॅमला गेल्यावर तो बदलायचा प्रयत्न केला नव्हता असं नाही. पण बँकेला हवा तिथल्या नगरपालिकेचा दाखला, दाखल्याला हवा भाडेकरार, घरमालकाला हवं डच खातं आणि डच खात्याला पुन्हा तोच दाखला. कोंबडी आधी की अंडं! कसंबसं डच खातं उघडलं, तोवर जर्मन खात्याचा पत्ता राहूनच गेला. मग अमेरिकाच आली.

"पत्र बँकेकडे परत गेलं असणार," तिचा नवरा यतीन म्हणाला. "तिथे पेटीवर नाव नसेल तर पोस्टमन टाकतच नाही यार. आपलं नाव निघून चार वर्षं झाली."

"क्राउझेबाईंना विचारू?"

"विचार ना. वर्स्ट केस, नाही म्हणतील."

शैलजाला नकाराची भीती नव्हती, लाज वाटत होती. क्राउझेबाई तिकडची समोरच्या दाराची शेजारीण, आता ऐंशीच्या पुढे. लेक रुही तान्ही असताना त्या तिला मांडीवर घेऊन बसायच्या, म्हणून शैलजाला निवांत आंघोळ तरी मिळायची. निघताना शैलजा जिन्यातच त्यांच्या गळ्यात पडून रडली होती, दर रविवारी फोन करीन म्हणाली होती. पहिलं वर्षभर केलेही. मग महिन्यातून एक, मग नाताळातला एक, आणि गेल्या नाताळात तोही राहिला. 'गरज सरो, वैद्य मरो' असं तिची आई म्हणायची, पण ते दुसऱ्यांबद्दल.

तिनं फोन लावला. तिकडे दुपारचा एक वाजला होता.

"शैला!" बाईंना पूर्ण नाव कधीच जमलं नाही. "छोटी कशी आहे? दात पडले का?"

पाच मिनिटं दातांवरच गेली. मग शैलजानं मोडक्यातोडक्या जर्मनमध्ये, माफी मागत मागत, बँकेचं सांगितलं. चुकून एखादं पत्र वगैरे...

"आलंय की. मागच्या सोमवारी. थांब, चष्मा आणते."

बाईंनी आकडे जोडीजोडीनं वाचले, जर्मन रीतीनं, एकं आधी आणि दहं मागून. यतीन नेहमी तिथेच उलटंसुलटं लिहायचा. शैलजाला मात्र ते मराठीतल्यासारखं, घरचं वाटायचं: सत्तेचाळीस, त्र्याऐंशी, छत्तीस. तीनदा चुकलं की खातं बंद होणार, म्हणून तिनं यतीनला फोनला हात लावू दिला नाही. पहिल्याच फटक्यात हिरवी खूण उमटली.

"झालं! यस!" यतीन खुर्चीतून उठलाच.

शैलजा फोनवरच होती. "पण हे पत्र तुमच्याकडे आलं कसं? आमचं नाव तर आता तिथे नाही."

"माझ्या पेटीवर आहे ना. तुम्ही गेलात त्याच संध्याकाळी लावलं. तूच म्हणाली होतीस, काही आलं तर ठेवून घ्या. नाव नसेल तर पोस्टमनला कसं कळणार?"

"तेव्हापासून आहे?"

"उन्हाळ्यात शाई उडते. मग मी परत लिहिते." चष्मा मिटल्याचा टक् आवाज आला. "आता तुझं काम झालं. काढू का?"

आपण एक फोन करायला विसरलो, आणि ही बाई दरवर्षी आपलं नाव गिरवत राहिली. हे ऋण कुठल्या खात्यातून फेडायचं?

"राहू द्या," ती कशीबशी म्हणाली. "तुम्हाला अडचण नसेल तर."

"अडचण कसली? एकटीच्या पेटीवर दोन नावं असली की बरं वाटतं."

पैसे वेळेवर पोचले, शुक्रवारी सह्या झाल्या, किल्ल्या हातात आल्या. नव्या घरासमोर, रस्त्याच्या कडेला खांबावर, पत्र्याची काळी पेटी होती. यतीननं तिच्यावर घराचा नंबर चिकटवला. इथे तेवढा पुरतो. शैलजा मार्कर आणि पांढरी पट्टी घेऊन आली. पट्टीवर तिनं आपलं आडनाव, 'मोहरील', लिहिलं इंग्रजीत, आणि त्याखाली, स्पेलिंग आठवत, 'क्राउझे'.

"हू इज दॅट?" रुहीनं विचारलं.

"तुला मांडीवर घेऊन बसायची, ती आजी. रविवारी बोलणार आहेस तू तिच्याशी."

यतीन हसला. "अगं, त्यांचं पत्र इथे कशाला येईल?"

शैलजानं पट्टीवरून अंगठा घट्ट फिरवला. "आपलं तरी त्यांच्याकडे कशाला यायला हवं होतं?"