ओल झाकायचं चित्र

"अहो, हे आपलंच स्वयंपाकघर आहे," असं म्हणून बायकोने नवऱ्याच्या हातातला मोबाइल हिसकावला.

रविवारची दुपार. दोघं सोफ्यावर बसून बैठकीतल्या भिंतीवरची ओल झाकायला चित्र शोधत होती. ही ओल साधीसुधी नव्हती. एका पाहुण्याला तिच्यात उंट दिसला होता. बायकोच्या आत्याला तर तिच्यात आपले दिवंगत यजमान दिसले, आणि आत्या त्यांच्याशी चांगली अर्धा तास भांडली. भांडणात जिंकलीही. असल्या ओलीपुढे छापील चित्राचा टिकाव लागायचा नाही, म्हणून बायकोने ही साइट काढली होती. स्वतःच चित्रं काढणारे आणि स्वतःच विकणारे चित्रकार, प्रत्येक चित्र हातचं आणि एकुलतं एक. समुद्र बघून झाले, घोडे बघून झाले. एकाने नुसते तीन निळे पट्टे ओढून चारचाकीची किंमत लावली होती. आणि मग हे.

पिवळ्या फरशा. ओट्यापाशी दोन माणसं पाठमोरी, डोक्याला डोकं लावून उभी. दोघांच्या मधे ओट्यावर एक माहितीपत्रक, त्यावर हिरवळ आणि बाक. सगळं दाराच्या फटीतून पाहिल्यासारखं.

"हा टकल्या कोण?" नवऱ्याने विचारलं.

"तुम्ही."

त्याने हात डोक्यामागे नेला. बराच वेळ चाचपून हळूच खाली आणला.

चित्राचं नाव होतं 'हळू बोला'. चित्रकाराचं नाव होतं 'मागची खोली'.

मागच्या खोलीत बाबा राहत, म्हणजे नवऱ्याचे वडील. आयुष्यभर सरकारी कचेरीत नकाशे काढले, आता दार लोटून शब्दकोडी सोडवतात, अशी घरात समजूत होती. आणि 'हळू बोला' हे शब्द बायकोनेच मंगळवारी उच्चारले होते, वृद्धाश्रमाचं ते पत्रक ओट्यावर उघडताना.

"आणखी आहेत," ती म्हणाली.

एकेचाळीस होती. सगळी पाठमोरी. बादली उचलणारी ती, फ्रिजमध्ये डोकं घातलेला तो. एकूण एक विकली गेलेली, 'हळू बोला' तेवढं बाकी. फ्रिजवाल्या चित्राचं नाव होतं 'कर्ता पुरुष', आणि ते कुठल्याशा बर्फाच्या मुलखात गेलं होतं.

"माझं फाटकं बनियन परदेशात टांगलंय?"

"बनियनचं काय घेऊन बसलात! त्यांनी ऐकलंय सगळं."

'हळू बोला'च्या खाली लोकांनी लिहिलं होतं. 'किती गोड, वाढदिवसाचा बेत चाललाय वाटतं.' 'मला तर चोर दिसतात.' 'काय बोलताहेत हो दोघं?' त्यावर चित्रकाराचं उत्तर होतं: 'मला जरा कमी ऐकू येतं.'

"बघ! कमी ऐकू येतं म्हणताहेत," नवऱ्याला धीर आला.

"मग चित्राचं नाव काय स्वप्नात ऐकलं?"

नवऱ्याला थोरली बहीण आठवली. "ताईने बघितलं तर? ती रोज असते या साइटवर. संध्याकाळपर्यंत सगळ्या नातेवाइकांत होईल."

"घ्या विकत. आत्ताच्या आत्ता. एकदा घरात आलं की कपाटामागे टाकू."

त्याने बोट दाबलं. खरेदी झाली.

"पत्ता कुठला दिलात?" बायकोने विचारलं.

"मी कुठे दिला? मोबाइलनेच घेतला. आपला."

मागच्या खोलीत टिंग वाजलं.

आत खुर्ची सरकली.

"रद्द करा ना!"

"बटण सापडत नाहीये!"

"मग सांगा, पत्रक ताईसाठी होतं."

"अगं, ताई पंचेचाळिसाची आहे!"

आत कागदाची सळसळ झाली. चिकटपट्टी फाटल्याचा आवाज आला, एकदा, दोनदा, चारदा. माणूस निवांत बांधत होता. मग दार उघडलं आणि काखेत चपटं पुडकं घेऊन बाबा बाहेर आले.

"पत्ता ओळखीचा वाटला," ते म्हणाले. "म्हटलं, कुरिअरवाल्याला कशाला त्रास."

"बाबा, ते पत्रक... आम्ही नुसतं बघायला आणलं होतं."

"चांगलं आहे की. त्यावरचा फोन नंबर मात्र चित्रात काढायला फार बारीक. आकडा चुकलेला मला चालत नाही, तुला ठाऊक आहे. तीनदा तपासला, तरी खात्री होईना. मग लावूनच बघितला." त्यांनी आवरण सोडवलं. "भली माणसं आहेत. उत्तरेच्या उजेडाची खोली आहे म्हणाले, चित्रांना बरी. एक तारखेपासून सांगून ठेवली."

बाबांनी चित्र भिंतीला लावून पाहिलं, दोन पावलं मागे सरले आणि मान हलवली. ओल चारही बाजूंनी बाहेर डोकावत होती.

"पुरत नाही. आणखी एक लागेल."

त्यांनी खुर्ची ओढून सोफ्यासमोर घेतली आणि खिशातून वही, पेन्सिल काढली.

"बाबा, ऐका तर..." सून उठायला लागली.

"बस गं पोरी. हलू नकोस."

ती बसली. मुलगा उगाच सावरून बसला, मग अवघडला. घसा खाकरून म्हणाला, "मी पाठ करून बसू का?"

"नको." बाबांनी पेन्सिलीचं टोक अंगठ्यावर तपासलं. "समोरून तुम्हाला कधी काढलंच नाही. बघू या, जमतंय का."