छत्तीसचा आकडा

क्रेनचालकाने लोखंडी तुळई दोन पुरुष उंच उचलली आणि वॉकीटॉकी खरखरला.

"थांब. खाली घे."

आवाज भावोजींचा. तुळईला पट्टे बांधायचे आणि खालून इशारे द्यायचे, हे त्यांचं काम. बहिणीच्या या नवऱ्याशी त्याचा तीन आठवडे अबोला होता. कामापुरते शब्द, तेही तोडून.

त्याने केबिनच्या काचेतून वाकून पाहिलं. तुळई सरळ, पट्टे ताठ, वाऱ्याचा मागमूस नाही. दुपारच्या आत चार तुळया चढवायच्या होत्या आणि ही पहिलीच.

"वरून सगळं ठीक दिसतंय."

"खालून नाही दिसत."

मुद्दाम खोडा घालतायत, त्याला वाटलं. असाच वर न्यावा भार, म्हणून दांड्यावर हात घट्टही झाला. पण खाली सहा-सात हेल्मेटं माना वर करून उभी होती. दातओठ खात त्याने भार खाली सोडायला सुरुवात केली.

तुळई जमिनीपासून वीतभर राहिली असेल, तोच फटकन आवाज झाला. पट्टा तुटला. तुळई एका अंगावर आदळली आणि धुळीचा लोट उठला. त्याला काही म्हणता काही दिसेना. मग धुळीतून एक हात वर आला. अंगठा उंचावलेला. भावोजींचा.

तो भराभर शिडी उतरून खाली आला. भावोजी पट्ट्याचा तुकडा घेऊन उभे होते. तुळईच्या धारेने तो खालच्या अंगाने निम्मा चिरला होता. वरची बाजू कोरी करकरीत.

मुकादमाने कपाळ पुसलं. "तुम्हा दोघांचा म्हणजे छत्तीसचा आकडा. तीन आणि सहा, पाठीला पाठ लावून बसलेले! बरं झालं रे बाबांनो, दोघं एकाच बाजूला बघत नव्हतात."

सगळे हसले. जरा जास्तच मोठ्याने.

क्रेनचालकाने चिरलेल्या जागेवरून बोट फिरवलं.

"भावोजी, खालून अजून काय काय दिसतं तुम्हाला?"

भावोजींनी हातावरची धूळ झटकली.

"तुझ्या शिडीच्या चौथ्या पायरीचा बोल्ट सारखा सैल होतो," ते म्हणाले. "रोज तू यायच्या आधी आवळून ठेवतो."