खाऊचा पुडा

आठव्या खेपेलाही पोरगं मासुयोबाईंच्या मनगटाला कडकडून चावलं.

बाईंनी हात मागे घेतला नाही. पोराला हळूच पालथं केलं, डावा तळहात त्याच्या पोटाखाली सरकवला आणि उजव्या हातातली चांदीची बोथट सुई पाठीवरून ओढायला लागल्या. लहान मुलांना ही सुई टोचायची नसते, नुसती कातडीवरून फिरवायची. ओसाकातल्या त्या गल्लीत बाईंच्या घराण्याचं तीन पिढ्यांचं हेच काम. लहान मुलं त्रास देतात ती पोटातल्या चिडक्या किड्यामुळे, अशी तिथली जुनी समजूत. रात्रीचं रडणं, दूध ओकणं, दात खाणं, काहीही असो, चार-पाच खेपांत मूल निवायचं. तीन वर्षांचा तेप्पेई मात्र घरी गेला की पुन्हा थैमान घालायचा. बाईंनी सुई बदलून पाहिली, हात आणखी हलका केला. काही उपयोग नाही. बाई जन्मांध. जे कळायचं ते बोटांना, आणि बोटं सांगत होती की पोराच्या अंगात कुठे काही अडलेलं नाही. मग चुकतंय कुठे? बाई स्वतःवरच चिडल्या होत्या.

"माझा मुलगा तुमच्या आईच्या हाताखाली तीन खेपांत सरळ झाला होता," तेप्पेईची आजी फुसाए म्हणाली. "याच्या पोटात चिडका किडा आहे की अजगर?"

बाहेरच्या खोलीत थांबलेल्या बायका खुदकन हसल्या.

"किडा नाही नि काही नाही, हट्ट आहे नुसता," सून हिनाको म्हणाली. तिचा आवाज बसलेला होता. "आधी चार शब्द बोलायचा, तेही बंद केलेत. शंभरदा हाक मारा, मान वळवेल तर शपथ! परवा मी थोबाडीत दिली त्याच्या."

बाईंची सुई पाठीवरून फिरत राहिली.

बाहेर कुणीतरी खाऊचा पुडा फोडला. कागद चुरचुरला आणि बाहेरची दोन पोरं एकदम "मला, मला" करत उठली. बाईंच्या तळहातावरचं पोट मात्र तसंच संथ वरखाली होत राहिलं.

सुई थांबली.

चाळीस वर्षांत एकही मूल त्या आवाजाला गप्प पडून राहिलं नव्हतं. कितीही रडवेलं असो, पोट टुणकन उडायचंच.

"हिनाको, याला खाऊ आवडतो ना गं?"

"जीव टाकतो."

"मग बाहेरून पुडा आण आणि याच्या पाठीमागे उभी राहून वाजव. याला दिसता कामा नये."

हिनाकोने वाजवला. मग आणखी जवळ येऊन वाजवला. पोट हललं नाही.

"थंडीत सर्दी झाली होती का याला?"

"संपतच नव्हती. सारखा कान ओढायचा."

बाईंनी सुई फडक्यात गुंडाळली. "कपडे घाल त्याला. कानाच्या डॉक्टरकडे ने. आत्ताच्या आत्ता."

"म्हणजे हरलात म्हणा की!" फुसाए म्हणाली.

"हरले," बाई म्हणाल्या. आवाज चढलेला होता, पण राग फुसाएवर नव्हता. "आठ खेपा पोर माझ्या हाताखाली होतं आणि मी त्याच्या पोटात किडा शोधत बसले. अहो, हट्टी पोर आईच्या हाकेला वळत नाही, पण खाऊला वळतं! याला ऐकूच येत नाहीये."

तीन आठवड्यांनी हिनाको एकटीच आली. दोन्ही कानांत पाणी साठलं होतं, डॉक्टरांनी ते काढून बारीक नळ्या बसवल्या, असं तिने सांगितलं.

"मग? आता वळतो का हाकेला?"

"घरी आणल्या दिवशीच वळला." हिनाकोने नाक ओढलं. "मी नेहमीसारखी मागून हाक मारली. वळला, माझ्याकडे बघितलं आणि घाबरून आजीच्या मागे लपला. वर्षभर मी त्याच्यावर कशी ओरडत होते, ते त्याने तेव्हा पहिल्यांदा ऐकलं."